लोखंड तापल्यावर

भट्टीच्या बंद दाराला कान लावायचा, उजवा हात वर करायचा, आणि तो हात खाली येईपर्यंत कुणी शिंकायचंसुद्धा नाही. आमच्या साखर कारखान्यातले बॉयलर मिस्त्री दरवर्षी हंगामाची पहिली आग पेटवण्याआधी हे करत. चेअरमन नारळ धरून ताटकळलेले, हलगीवाला काडी वर धरून गप्प. एकदा चेअरमन म्हणाले, "मिस्त्री, मुहूर्त टळतोय." मिस्त्री कान न काढता म्हणाले, "आवं, मुहूर्त उद्या बी हाय. मानूस न्हाई."

मग हजेरी. उन्हाळाभर भट्टीत शिरून विटा बसवणारे, राख उपसणारे सगळे समोर उभे करायचे आणि एकेकाचं नाव घ्यायचं. ज्यानं त्यानं आपल्याच तोंडानं ओ द्यायची. शेवटचं नाव शिवाचं. त्याला कुणी ओ देत नसे. मिस्त्री जरा वेळ थांबत आणि मग काडी ओढत. मी डिप्लोमा करून फलटणहून तिथं नवा लागलो होतो. म्हातारा चळलाय, हे मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं. तुम्हीही तेच केलं असतंत.

एरवी माणूस लय गोड. चहाचा गरम ग्लास माझ्या हातात देऊन विचारायचे, "ही ऊब कुठनं आली, सांग." शेगडीतनं, म्हटलं की कपाळाला हात लावायचे. "आनी मागं जा की गड्या! ऊन उसात शिरलं. रस गेला, भुसा उरला. भुसा जळला, पाण्याची वाफ झाली. वाफंनं चाक फिरवलं, चाकानं तारंत वीज घातली. तुज्या घरच्या बल्बात बसलंय ते ऊनच हाय. जळतं ते कुठं जात न्हाई रं, रूप बदलतं." मी तीन वर्षं घासून जे शिकलो, ते यांनी चहा निवायच्या आत संपवलं.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. हजेरीत एका गवंड्याचं नाव आलं आणि मी मागून ओ दिली.

मिस्त्रींनी मान वर केली. "तू त्यो हायस?"

"जेवायला गेलाय तो. मी बघितलंय जाताना."

त्यांनी काडेपेटी खिशात घातली, कँटीनपर्यंत चालत गेले आणि त्या गवंड्याला हाताला धरून घेऊन आले. त्याच्या तोंडात अजून घास होता. सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त.

संध्याकाळी त्यांनी मला भट्टीजवळ बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं. ते खाली बघून बोलू लागले.

"तुज्याएवढा हुतो मी. शिवा माजा जोडीदार. एक वीट हलती म्हून मागल्या बाजूनं आत गेल्याला. मुकादमानं इचारलं, शिवा भाईर आला का? मी म्हनलं, आला की. बघितलं नव्हतं मी. आग धरली आनी आतनं आवाज याय लागला. टक, टक. पावनं दचकलं. मी लय हुशार ना! म्हनलं, भ्याचं न्हाई, लोखंड तापलं की बोलतं. उष्णतेचा आवाज हुतोय. वाजवा हलगी."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"सांजंला वाफ धरली. टर्बाइन फिरवून बघितलं, कॉलनीत दिवं लागलं. त्या उजेडात त्याची बायकू घरोघर इचारत आली, आमचं मालक दिसलं का म्हून." त्यांनी भट्टीच्या दारावर हात टेकवला. "जळतं ते कुठं जात न्हाई," ते म्हणाले. या वेळी ते मला शिकवत नव्हते.

पहिल्या आगीच्या दिवशी सगळी कॉलनी उजळायची आणि मिस्त्रींची खोली तेवढी काळी असायची. मी आपला समजत होतो, यांचा फ्यूज गेला असेल. फार लाज वाटली मला, स्वतःचीच.

यंदाच्या श्रावणात मिस्त्री गेले. हजेरी माझ्याकडे आली. सगळ्यांनी ओ दिली. शेवटी शिवाचं नाव घेतलं, थांबलो, काडी ओढली. आग धरली, हलगी सुरू झाली, आणि आतून आवाज आला. टक.

"काही नाही, लोखंड तापतंय," नवे इंजिनिअर पाहुण्यांना सांगत होते. खरंच होतं ते. माणसं मी स्वतः मोजली होती. तरी माझा हात वर गेला. हलगी थांबवली, जळती लाकडं बाहेर ओढायला लावली. धूर निवळल्यावर आत टॉर्च मारला. विटा आणि राख. कुणी नव्हतं. चेअरमन चारचौघांत नको नको ते बोलले. बोलू देत. आग पुन्हा पेटवली. दिवसभर आतून तो आवाज येत राहिला, आणि दिवसभर मी दारापासून हललो नाही.

संध्याकाळी घरी आलो. कॉलनीत सगळीकडे दिवे लागले होते. मी खुर्चीत बसून राहिलो. थोड्या वेळानं बायको बाहेरून आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"आवं, अंधारात का बसलाय? लाईट गेली व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं. "आलीय."