विलास जिवंत होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बरोबर काम केलेल्या माणसांना तर नाहीच. तीस वर्षं शाळाशाळांतून मुलांना सांगत हिंडले — घरी खरं बोला, लपवू नका — आणि स्वतः एक खोटं पोटाशी धरून बसले. राग येईल तुम्हाला. येऊ दे. मला माझा येतोच आहे.

मी गिरगावातली, कारकुनाची मुलगी. गिरण्यांचा संप मी पेपरात वाचला. परळच्या एका छोट्या व्यसनमुक्ती केंद्रात कामाला लागले तेव्हा गिरण्यांचे भोंगे बंद होऊन काही वर्षं झाली होती, आणि त्याच गल्ल्यांत गर्दच्या पुड्या मिळू लागल्या होत्या.

विलास तिथेच भेटला. डिलाईल रोडच्या चाळीतला, एकोणीस-वीस वर्षांचा. वडील गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. संपात गावी गेले ते तिकडेच राहिले. आई खानावळ चालवायची. तिनेच त्याला हाताला धरून आणलं. हॉस्पिटलात तो दहा दिवस अंग मोडून, उलट्या काढत पडला होता आणि ती बाहेर बाकड्यावर बसून होती. मग दर गुरुवारी तो आमच्या बैठकीला यायचा. अकरा महिने पुडीला हात नाही. एका छापखान्यात कामालाही लागला. असे किती जण असतात? फार थोडे.

शाळांत बोलताना मी त्याचीच गोष्ट सांगायचे, नाव न घेता. मुलं ऐकायची नाहीत. कर्कटकाने बाकं कोरत बसायची. एकदा मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे सोडता येतं ना, मॅडम?" आणि वर्ग हसला. बाहेर आल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, असं बरं झालेलं सांगू नका. मुलांना भीती बसली पाहिजे."

पुढच्या शाळेत मी विलासला मारलं.

पुलाखाली सापडला, म्हटलं. मुठीत गर्द ओढायची पन्नी होती, म्हटलं. आई घरी ताट वाढून बसली होती, म्हटलं. हॉल चिडीचूप झाला. मुली रडल्या. एक शिक्षिका माझा हात धरून उभी राहिली. आणि मला — हे लिहायलाही लाज वाटते — फार बरं वाटलं.

नाव तर घेतलं नव्हतं, असं मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल. नाव कशाला लागतं? डिलाईल रोड, खानावळवालीचा मुलगा, कॅरममध्ये बक्षिसं मिळवलेला — गोष्ट खरी वाटावी म्हणून हे सगळं मीच सांगत होते. छापखान्याच्या मालकाची मुलगी त्या शाळेत होती. तिने घरी जेवताना सांगितलं. मालकाला विलासचं कॅरम माहीत होतं, आईची खानावळ माहीत होती. गर्दचं तेवढं माहीत नव्हतं. उद्यापासून येऊ नको, म्हणाला.

अकरा महिने ताठ उभा राहिलेला मुलगा कुणाला हवा होता, सांगा? शाळेला मेलेला हवा होता. मालकाला कसाच नको होता. आणि मला टाळ्या हव्या होत्या.

त्याची आई केंद्रात आली. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही तिने.

"बाई, माझो झील जितो आसा," ती म्हणाली. "तुमी तेका मारलात कशाक?" मग मला नीट कळावं म्हणून सावकाश म्हणाली, "एकदा मालकाकडे चला. तो बरा झालाय एवढं सांगा. मी येते तुमच्याबरोबर."

छापखाना दहा मिनिटांवर होता. आमचे संचालक टेबलामागे बसून ऐकत होते. मी म्हटलं, "मावशी, तो तुमचा विलास नाही हो. दोन-चार मुलांची मिळून गोष्ट आहे ती."

ती भांडली नाही. "बरा," म्हणाली आणि गेली.

त्या गुरुवारी विलास आला. बैठक सुरू व्हायच्या आधी त्याने विचारलं, "मॅडम, शेवटी माझं काय होतं? म्हणजे गोष्टीत?"

"तो तू नाहीस रे."

"असू दे. सांगा तरी."

मी सांगितलं नाही. नंतर तो कधीच आला नाही. मी चौकशी केली का? नाही केली. तो खरंच गेला असेल अशी भीती होती — आणि त्या भीतीत, आता कशाला लपवू, बारीकशी आशाही होती. मेला असता तर मी खोटी ठरले नसते.

गोष्ट मात्र मी चालू ठेवली. कॅरमच्या जागी कबड्डी घातली, एवढाच माझा पश्चात्ताप. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, गर्द मागे पडून दुसरी नावं आली, माझ्या गोष्टीतला मुलगा पुलाखाली मरतच राहिला.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी शीवच्या एका शाळेत पालकांसाठी कार्यक्रम होता. तिसऱ्या रांगेत तो बसला होता. केस पिकलेले, अंगाने भरलेला, शेजारी बायको, तिच्या मांडीवर लेकीचं दप्तर. मी त्याला ओळखलं. त्यानेही मला. मला हायसं वाटायला हवं होतं, नाही का? मला राग आला. त्याचा. हा इथे कशाला आला, असा.

तो बरा झाला — एवढे तीन शब्द पुरे होते. मी नेहमीचीच गोष्ट सांगितली. पूल, पन्नी, वाढलेलं ताट, सगळं. त्याच्याकडे बघत सांगितली. त्याची बायको पदराने डोळे पुसू लागली. तिला काही माहीत नव्हतं, हे दिसतच होतं. तो हलला नाही. फक्त एकदा त्याने तिच्या मांडीवरचं दप्तर उचलून स्वतःकडे घेतलं.

मग टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापिकांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, माझ्या कामाबद्दल चार शब्द बोलल्या. मी हात जोडून उभी होते. वर पाहिलं तेव्हा त्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

शाल मी घरी आणली.