मामांचं सिंगापूर आणि माझं पत्रक

अन्याय माझ्या मामांवर झाला. २००६ साली, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊ वाजता, देवबागेत त्यांच्या वाडीच्या देवळासमोर. करणारी मी. कोणावर, कधी, कुठे हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे असं मला चळवळीत शिकवलं होतं, म्हणून तशीच सुरुवात करते आहे. आरोपीच्या जागी स्वतःला लिहायची सवय नव्हती, त्यामुळे एवढंसं लिहायला तीन वर्षं गेली. आता मामांविषयी. सिंगापूर न पाहता सिंगापुरात राहिलेला त्यांच्यासारखा दुसरा माणूस या किनाऱ्यावर झाला नाही आणि होणारही नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला. माडाखाली पत्र्याची शेड, हाताला कायम वंगण, आणि त्या वंगणाच्या हाताला एक घड्याळ, जे अडीच तास पुढे असायचं. सिंगापुरात जी वेळ ती मामांची वेळ. आगाऊ सवय केली की तिथे गेल्यावर पोट बिघडत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. त्यामुळे सकाळी साडेदहाला ते शेडीतून उठून ओटीवर पाट मांडून बसायचे. मामी म्हणायची, "भात अजून चुलीर आसा. थंय शिजलो आसात तर थंय जावा जेवूक." मामा तसेच पाटावर बसून राहायचे, वेळ पाळल्याचं समाधान तोंडावर घेऊन, आणि अर्ध्या तासाने पेज पिऊन उठायचे. संध्याकाळी साडेसातला देवबागेतली माणसं गप्पांना बाहेर पडायची तेव्हा मामा झोपलेले असायचे. इंजिन बंद पडलं म्हणून कोणी धावत आला तर मामी दारातूनच सांगायची की तिकडे रात्र झाली आहे, उद्या ये.

सिंगापुरात थुंकलं तर शिक्षा होते हे कळलं त्या दिवशी मामांनी तीस वर्षांचं पान सोडलं. शेडीवर फळा लावला: 'येथे थुंकू नये. सिंगापुरात पकडतात.' लोक हसले, पण थुंकायला पलीकडच्या माडाकडे जाऊ लागले. दुपारी तिथे रोज पाऊस पडतो असं कुठेसं वाचलं म्हणून भर मे महिन्यात दोनच्या उन्हात मामा छत्री आणि बूटमोजे घालून वाळूतून फिरायचे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की मासे घ्यायला बायकांची गर्दी उसळायची. एकदा मामांनी त्यांना रांगेत उभं करायचा घाट घातला. टोपली डोक्यावर असलेली एक म्हातारी त्यांना म्हणाली, "भावजी, तुमची लाईन पुरी होयसर बांगडो वास मारूक लागतलो." मामा मनावर घेणारे नव्हते. एकटेच रांग करून उभे राहिले. त्या दिवशी घरात वालाची आमटी झाली.

सगळ्यात मोठी तालीम सरकत्या जिन्याची. तो मामांनी पाहिला नव्हता, पण हलत्या पायरीवर पाय कसा टाकायचा याचा त्यांना घोर लागला होता. उपाय म्हणून लाटांवर हलणाऱ्या होडीत ते मामीला चढवू लागले. "उजवो पाय पयलो. कठड्याक धर. खाली बघू नको." मामीचं सगळं आयुष्य होडीत चढण्या-उतरण्यात गेलेलं. ती एका ढांगेत आत जायची, आणि सूचना देता देता मामा गुडघाभर पाण्यात बसायचे, बुटांसकट. सहल कंपनीकडे दोघांची नावं नोंदवून झाली होती. मामीला सिंगापुराचं कौतुक एवढंच होतं, की तिथे आठ दिवस आयतं ताट पुढ्यात येणार आणि ते घासायलाही लागणार नाही.

मामांचं कौतुक मात्र निराळं होतं, आणि ते मी कधी नीट ऐकून घेतलं नाही. देवबाग म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची एक चिंचोळी पट्टी. दर पावसाळ्यात समुद्र मामांच्या बागेतला एखादा माड घेऊन जायचा. मामा तुटलेल्या कडेवर उभे राहून मला म्हणायचे, "बघ गो बाये. हय समुद्र आमका खाता, आणि थंय ते समुद्राक खातत." समुद्रात भराव घालून त्या लोकांनी शहर वाढवलं, हे त्यांनी कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं होतं. मी मान डोलवायची आणि सभेची वेळ झाली म्हणून निघून जायची.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, मालवणात राहत होते आणि पत्रकं लिहीत होते. मुंबईची एक हॉटेल कंपनी रापणीच्या किनाऱ्याला कुंपण घालायला निघाली होती. आमची लढाई खरी होती, आजही तसंच म्हणेन. पण एका दुपारी मी वाडीत आले तर कंपनीचा माणूस मामांच्या ओटीवर बसलेला. मध्ये सिंगापूरची रंगीत माहितीपत्रकं पसरलेली, मामा त्यांवर वाकलेले, मामी सोलकढी आणून देते आहे. मी अंगणातूनच परत फिरले. मामांना एका शब्दाने विचारलं नाही. जे दिसलं ते मला पुरलं.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. मामांचं नाव घातलं नाही. त्यातही शूरपणा नव्हता, फक्त सावधगिरी होती. 'आपल्याच वाडीतल्या एका इंजिनवाल्याला सिंगापूरची घाई झाली आहे. त्याच्या विमानाचं तिकीट कोणत्या किनाऱ्याच्या बदल्यात येतं, ते त्याला विचारा.' तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी माणसं अंगणाअंगणांतून फिरत होती. चिरमुरे आणि खोबऱ्याच्या कातळीबरोबर माझं पत्रक घरोघर पोचलं. मामांच्या घरी पोचलं नाही. ते झोपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-मामीच्या प्रवासासाठी देवळात गाऱ्हाणं होतं. आमच्याकडे माणूस दूर निघाला की गावकर, म्हणजे गावचे मानकरी, नारळ हातात घेऊन देवाला त्याचं गाऱ्हाणं घालतात, आणि जमलेली वाडी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणते. देवाने ऐकावं म्हणून गावकर, आणि गावाची संमती म्हणून ते 'व्हय'. मामा नवा सदरा, बूटमोजे आणि काखेत छत्री अशा थाटात उभे होते. गावकरांनी सुरुवात केली: "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू सात समुद्रापलीकडे जाऊक निघाला हा, तेका सुखरूप ने आणि सुखरूप परत हाड रे म्हाराजा."

आणि ते थांबले. कोणी काही बोललं नाही. साठ-सत्तर माणसं हात जोडून, खाली बघत उभी. गावकरांना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा म्हटलं. तेव्हा बायकांच्या बाजूने एक आवाज आला, "व्हय म्हाराजा." मामीचा. एकटीचा. मामांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, इंजिनात काय बिघडलंय ते शोधताना पाहायचे तसं. मी मागे खांबाशी उभी होते. मोहीम यशस्वी झाली असं मला वाटलं. हे मी लिहून ठेवते, कारण त्या क्षणी मला आनंद झाला होता.

ज्याच्या गाऱ्हाण्याला वाडी 'व्हय' म्हणत नाही तो माणूस उंबरा ओलांडून लांब जात नाही. मामांनी सहल कंपनीला नाही कळवलं. त्या दिवशी ते दुपारी एक वाजता जेवले.

चार महिन्यांनी माहितीच्या अधिकारात आम्ही तालुक्याच्या कचेरीतून हॉटेलची फाईल मिळवली. माझीच मागणी, माझीच सही. फाईलीत सगळ्यात वरचा कागद म्हणजे हॉटेलविरुद्धची पहिली हरकत, आमची चळवळ उभी राहायच्या आधीची. अक्षर मामांचं, कडेला वंगणाचा अंगठा. 'सदर जागी रापण ओढतात. कुंपण झाल्यास दोरीला माणसे कोठे उभी राहणार, हे कंपनीने दाखवावे.' आणि खाली: 'सिंगापूर येथे समुद्र हटवून जमीन केली आहे. अर्जदार सहकुटुंब फिरावयास जात आहे. भराव कसा टिकतो ते समक्ष पाहून देवबागेसाठी अहवाल सादर करील. कुटुंबास तसदी नको म्हणून पाहणी सकाळच्या वेळी करण्यात येईल.' बाकीचं मामीने सांगितलं: कंपनीचा माणूस ती हरकत मागे घ्यायला लावण्यासाठी ओटीवर आला होता; माहितीपत्रकं मामांच्याच सहल कंपनीची होती, आणि सहलीचे पैसे इंजिनांच्या कमाईचे. तो सिंगापूर पाहून आलेला, हे कळल्यावर मामांनी दोन तास त्यालाच प्रश्न विचारले, सोलकढी पाजली आणि सही न करता परत पाठवलं.

मी तो कागद घेऊन शेडीत गेले. मामा कार्बुरेटर साफ करत होते. मी कागद पुढे धरला, त्यांनीच सुरुवात केली. "तुझा पत्रक वाचलंय मागसून. बरा लिवलंस. माझ्याबद्दल नसता तर मियाच घरोघर वाटला असता." मग माझ्याकडे स्टूल सरकवून म्हणाले, "इचारूचा होता, बाये. मी हयच होतंय."

 मी माफी मागितली, दुसरं पत्रक काढलं, सभेत खुलासा केला. लोकांनी ऐकलं, चुकचुकले आणि घरी गेले. कुंपण झालं नाही, आम्ही जिंकलो. मामा पुन्हा इंजिनांना लागले. तेच हात, तीच शेड. फक्त कडेवर उभं राहून समुद्राविषयी बोलायचं त्यांनी सोडलं. तेव्हापासून आणखी तीन माड गेले. पासपोर्टला अजून मुदत आहे. मामांच्या गुडघ्यांना किती आहे, ते मला माहीत नाही.

यंदा गावकर पुन्हा गाऱ्हाणं घालायला तयार झाले आहेत. मामा आधी नको म्हणाले, देवाला त्याच कामासाठी दोनदा कशाला उठवायचं म्हणून. मामीने विचारल्यावर म्हणाले, "लोक येतले तर बघूया."

म्हणून हे तुमच्यासाठी आहे. त्या सकाळी माझा कागद वाचून गप्प उभे राहिलेल्या प्रत्येकासाठी. सहानुभूती नको, माझ्याविषयी मत नको. येत्या तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला देवळासमोर या. घरातली म्हातारी माणसं, पोरं, सगळ्यांना आणा. गावकर थांबतील तिथे मान वर करा, मामांकडे बघा, आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणा.