ताईचे काळे केस

ताईचे केस विशीतच पिकू लागले. लग्न ठरायचं होतं, म्हणून पाहुणे येणार असले की आई निजामपुऱ्याच्या बाजारातून केस काळे करायच्या रंगाचं पाकीट आणायची आणि आदल्या दुपारी पडवीत बसवून तो रंग जुन्या ब्रशने ताईच्या केसांना लावायची.

सुरुवातीला काही झालं नाही. मग टाळूला खाज सुटू लागली, कानामागे फोड आले. एका सकाळी तर ताईचे डोळेच उघडेनात, इतका चेहरा सुजला. आईने पाहुण्यांना निरोप धाडला, पोरगी तापाने फणफणलीय. ते पुन्हा आले नाहीत.

कातडीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रंग पक्का बसवायला जे रसायन घालतात, ते हिला सोसत नाही. आता जन्मभर सोसणार नाही. पुढच्या खेपेला श्वासही अडकू शकतो. रंग बंद."

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "डाक्टरला बोलाया काय जातंय? त्याची पोर घरात बसली न्हाय."

वर्षभर ताईने रंग लावला नाही. त्या वर्षी आलेलं प्रत्येक स्थळ तिचं डोकं पाहून परत गेलं. शेवटी काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझर असलेला मुलगा बघायला आला, तेव्हा तिनेच आईसमोर पाकीट ठेवलं. सुजेच्या गोळ्या घेत घेत लग्न पार पडलं.

पुढे ती दर महिन्याला रंगासाठी माहेरी यायची. सासूला संशय आला, तेव्हा ताईने सगळं सांगून टाकलं. सासू म्हणाली, "मग मेंदी लाव. झाडपाल्याची असते." बाजारातून तिने काळी मेंदी आणली. तिच्यातही तेच रसायन होतं. घसा सुजून ताईला इस्पितळात न्यावं लागलं.

ती वाचली. मी भावोजींना बाजूला घेऊन म्हटलं, "आता तरी पांढरे राहू द्या."

ते रागावले नाहीत. "माझ्या आईचे केस अजून काळे आहेत," ते म्हणाले. "लोक हिलाच सासू समजतील. दुसऱ्या कंपनीचा आणून देतो."

दिवाळीत ताई आली, तेव्हा केस काळेभोर होते आणि कपाळाच्या कडेने कातडी सोलली होती. मी काही बोलायच्या आत तिने पदर पुढे ओढला आणि आईला विचारलं, "गोळ्या संपल्या गं, आहेत का घरात?"

आईने डबा काढून दिला.