उजव्या पायातला चाळ

गणपतीत आमच्या वाडीची जाखडी असायची. मधे गाणारे आणि मृदंगवाला बसलेले, भोवती आम्ही आठजण नाचणारे, प्रत्येकाच्या उजव्या पायात घुंगरांचा चाळ. मुंबईहून रजा काढून आलेले गडी तिसऱ्या गाण्याला धापा टाकायचे. मी घाम पुसून चौथ्याला उभा. याची मला भलतीच घमेंड होती.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी नुकती तिशी ओलांडली होती. एका वर्षी विसर्जनानंतर उजवी पोटरी सुजली. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आत ठणका. मग नडगीवरचे केस जायला लागले, दोन महिन्यांत पाय गुडघ्याखाली गुळगुळीत झाला. वाडीचं एकमत झालं: चाळाच्या पट्ट्याने केस घासले, घट्ट बांधून सूज धरली. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टाचणी टोचून पाहिली आणि कारण सापडत नाही असं सरळ सांगितलं. त्यांच्यापेक्षा मला वाडी बरी वाटली. तिच्याकडे निदान कारण तरी होतं.

म्हणून पुढच्या गणपतीत मी नाचलो नाही. पायाला विश्रांती द्यायची, केस उगवले की पुन्हा उभं राहायचं, असं ठरलं. चाळ खुंटीला टांगला. बायको रोज निर्गुडीच्या पाल्याने शेकायची आणि नडगीवरून हळूच हात फिरवून बघायची. मी ओटीवर बसून दुसऱ्यांच्या चुका काढायचो.

वर्ष गेलं, सूज तशीच. श्रावणात एका सकाळी शेकताना बायकोचा हात थांबला. उजव्या नाही, डाव्या पायावर. तिथलेही केस झडले होते, घोटा सुजला होता. त्या पायात मी जन्मात कधी चाळ बांधला नव्हता. ती पाला पुन्हा गरम करायला उठली. मला फार भीती वाटली.

त्याच आठवड्यात माझा थोरला चुलतभाऊ, आमच्या जाखडीचा म्होरक्या, नाचणारे ठरवायला आला.

"औंदा तरी हुभा ऱ्हातोस ना रे?"

"चाळ ने, दादा. दुसऱ्या कुणाला तरी दे."

"अरे, औंदा नाय तर फुडल्या वर्साला. केस येतीलच की."

मी लुंगी वर करून डावा पाय दाखवला. तो बघत राहिला. मग त्याने खुंटीवरचा चाळ काढला, खांद्यावरचा टॉवेल त्याच्याभोवती घट्ट गुंडाळला आणि घुंगरं वाजणार नाहीत अशा बेताने पायऱ्या उतरून गेला.