वारलूभाऊंची जर्मनची नाव

आमच्या गावचे ढीवर डोंग्यातून मासे धरतात. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली नाव. लांब, आणि इतकी अरुंद की आत बसलेला माणूस दोन हातांनी दोन्ही काठ धरू शकतो. वारलूभाऊंचा डोंगा त्यांच्या वडिलांनी कोरलेला होता. डोंगा सोडून ते दुसऱ्या कशात बसतील असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यामुळे मागच्या दिवाळीनंतर वडशाकडून आलेल्या टेम्पोतून एक रुंद, चपट्या बुडाची, ॲल्युमिनियमची नाव तलावाच्या पाळीवर उतरली, तेव्हा मी चहा तसाच ठेवून बघायला गेलो. माझं घर पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, लागूनच आहे.

मासेमार सोसायटीचे अध्यक्ष भैयाजी आधीच तिथे उभे होते. अंगानं भारी, बोलायला त्याहून भारी.

"वारलू, हा तं जर्मनचा गंज हाय बे! भात शिजवाचा हाय काय हिच्यात?"

ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात, आणि भात शिजवायच्या मोठ्या पातेल्याला गंज.

"शिजला का पयले तुमालेच वाढतो," वारलूभाऊ म्हणाले आणि दोर बांधत राहिले.

गर्दी पांगल्यावर मी भीतभीतच विचारलं, "वारलूभाऊ, डोंगा चांगला असताना ही कशाला?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बुधरी बसन म्हणून, बाबूजी."

मग मला कळलं. बुधरीबाई त्यांची बायको. मुलगा रोशन चंद्रपूरला कामाला गेल्यापासून दोघंच तलावावर जायची. डोंग्यात बाईमाणूस बसत नाही, ही इथली रीत. पण ते वल्हवायचे आणि ती जाळं सोडायची, आणि तिच्या हातचं जाळं सरळ पडतं हे पुरुषसुद्धा मान्य करायचे. दोन पावसाळ्यांपूर्वी एक मोठा कतला मासा ओढताना ती एका बाजूला वाकली आणि डोंगा उलटला. जाळ्यात पाय अडकून ती खाली गेली. वारलूभाऊंनी तिला वर काढलं, पण तेव्हापासून ती गुडघ्याच्या वर पाण्यात उतरली नाही. ढीवराच्या घरची बाई, आणि काठावर उभी राहून मासे विकते. वारलूभाऊ दुसऱ्यांच्या डोंग्यावर वाट्यानं जाऊ लागले. एकट्यानं वल्हवणं आणि जाळं सोडणं, दोन्ही होत नाही.

म्हणजे ती नावेत बसली तर त्यांचं घर पुन्हा आपलं जाळं टाकणार होतं. नाही बसली तर नाव नुसती पाळीला बांधून राहणार होती.

ती बसली नाही. मात्र रोज येऊन बघायची. बोटाच्या पेरानं पत्रा वाजवायची, खाली वाकून पत्रे जोडणाऱ्या रिबिटा बघायची. मलाही तसंच करावंसं वाटायचं, पण लोक काय म्हणतील म्हणून मी लांबूनच बघायचो.

"येवढा पातळ," ती एकदा म्हणाली. "लाकूड कसंबी असो, लाकडाले तरंगाचं समजते. हा तं गंज. गंज पाण्यात टाकला का भरते अन् बुडते. मी रोज घासतो, मले माहीत नाई काय?"

"रुंद हाय ना पण. उलटत नाई," वारलूभाऊ म्हणाले.

"उलटली नाई तं सरळ बुडन."

सगळा हिवाळा असाच गेला. ते एकटेच नाव घेऊन फिरायचे, मधेच थांबून काठाकडे बघायचे. ती मासे तोलत असायची.

उन्हाळा लागला, तलाव आटू लागला. आमच्याकडे या दिवसांत डोंगे पाण्यात बुडवून ठेवतात. उन्हात राहिलं तर लाकूड तडकतं, म्हणून सांडव्याजवळच्या खोल जागी डोंग्यात दगड भरायचे आणि त्याला तळाला बसवायचं. पावसाळ्याच्या तोंडाशी काढायचं. ओलं लाकूड मुळातच जड, थोड्या दगडांत बसतं. प्रत्येक घरचे दगड ठरलेले आहेत, पाळीखाली ज्याचे त्याचे ढीग असतात. कुणी दुसऱ्याचे दगड उचलत नाही.

वारलूभाऊंनी आधी आपला जुना डोंगा बुडवला. मग जर्मनची नाव तिथेच ओढत आणली आणि तिच्यातही दगड ठेवू लागले.

आता मी ढीवर नाही. मला त्यातलं कळत नाही. लाकूड तडकतं हे खरं, पण पत्रा कशाला तडकेल, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण तिथे भैयाजी होते, शेजारचा ढीवर बिरजू होता, तलावावर जन्म गेलेली माणसं होती, आणि एकालाही त्यात वावगं दिसत नव्हतं. उलट दगड कुठे ठेवायचे यावरून वाद चालला होता. मी गप्प राहिलो.

दगड ठेवून झाले. नाव बुडेना. वारलूभाऊंनी ती कलती करून आत पाणी घेतलं. ती काठोकाठ भरली, तिचे काठ पाण्याबरोबर आले, आणि तशीच राहिली.

"दगड कमी पडले," बिरजू म्हणाला. त्यानं आपल्या ढिगातले दोन आणून दिले. नाव बोटभर खाली गेली आणि थांबली.

वारलूभाऊ स्वतः आत चढले आणि बसायच्या आडव्या पाटावर बसले. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. नाव खाली दबली, डुलली, आणि त्यांना घेऊन तशीच राहिली. डोकं आणि खांदे तेवढे वर, तोंडावर लाज. काठावर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली.

"वारलू, आंघोळीची नांद घेतली काय बे?" भैयाजी ओरडले. "बुडत बी नाई, सरकत बी नाई!"

या आवाजानं बुधरीबाई टोपली घेऊन पाळीवर आली. सगळे हसत होते, ती हसली नाही. तिनं टोपली खाली ठेवली आणि बघत राहिली.

"त्याईच्यानं नाई होत," ती म्हणाली. "भैयाजीले बसवा. गावात सगळ्यात वजनदार तेच हायेत."

आता हसणं भैयाजींवर फिरलं. नाही म्हणायची सोय राहिली नाही. धोतर खोचून ते पाण्यात उतरले आणि मागच्या पाटावर बसले. नाव आणखी खाली गेली, पाणी त्यांच्या मानेला लागलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. पण तळ काही लागला नाही. भैयाजींनी घाबरून काठावर जोर दिला तर नाव त्या बाजूला झुकली आणि पुन्हा सरळ झाली.

बुधरीबाई पाण्यात उतरली. घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. तिथे ती थांबली. मग ती आणखी पुढे आली, छातीपर्यंत. तिनं दोन्ही हातांनी नावेचा काठ खाली दाबला आणि सोडला. पुन्हा दाबला. नाव पुन्हा वर आली.

"हिच्या आत काय हाय?" तिनं विचारलं.

वारलूभाऊंनी बसल्या जागी पाटावर थाप मारली. "पाटाखाली थर्माकोल भरून हाय म्हणे."

"म्हणे?"

"वडशाचा माणूस सांगत होता. मले वाटलं, पत्रा वाजू नये म्हणून भरला असन."

"अन् हे तुमी मले दिवाळीले काऊन नाई सांगतलं?"

"तू रिबिटा पाहून राह्यली होती. थर्माकोलाचं कोण इचारलं?"

तिनं काठ आणखी एकदा दाबून पाहिला. मग भैयाजींकडे वळली. "भैयाजी, उतरा आता. येवढे दगड, येवढं पाणी, अन् वरून तुमी. तरी बुडत नाई तं मी काऊन बुडन?"

दगड काढले. पाणी उपसायला बिरजूनं घरून गंज आणला, त्यावरूनही चेष्टा झालीच. नाव रिकामी झाल्यावर बुधरीबाई आत चढली आणि मधल्या पाटावर बसली. सवयीनं तिनं दोन्ही काठ धरायला हात पसरले, पण नाव इतकी रुंद की हात पोचेनात. ती तशीच हात पसरून बसली.

"हात कुठी ठेवू?"

वारलूभाऊंनी जाळ्याचं टोक तिच्या हातात दिलं.

ती दोघं तलावाच्या मध्यापर्यंत गेली. तिनं जाळं सोडलं ते सरळ पडलं की नाही, हे मला काठावरून दिसलं नाही. माझे डोळे आता तेवढे चांगले नाहीत.

परत आल्यावर तिनंच ठरवलं की ही नाव पावसाळ्यापर्यंत पाण्यात ठेवायची नाही. पण त्यांच्या गल्लीतून ती जाईना, दारातून तर नाहीच. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी, तुमचा कोठा रिकामाच हाय ना?" बैल विकल्यापासून माझा गोठा रिकामाच आहे. त्याचंही दार अरुंद निघालं. शेवटी एका बाजूचा बांबूचा तट्टा सोडून, नाव आत नेऊन, दोन ओंडक्यांवर पालथी घातली आणि तट्टा पुन्हा बांधला.

बुधरीबाई रोज दुपारी गोठ्यात येते. नावेखाली वाकते, पाटावर बोटाच्या पेरानं वाजवते आणि कान लावून ऐकते. मी बरेच दिवस बघत होतो. शेवटी न राहवून विचारलं, काय ऐकता म्हणून.

"आत थर्माकोल हाय का नाई ते पायतो," ती म्हणाली. "उंदरं खातेत त्याले. तुमच्या कोठ्यात उंदरं हायेत काय, बाबूजी?"

मी म्हणालो, नाहीत. खरं तर मला माहीत नव्हतं. मांजर मला फारसं आवडत नाही, पण त्या दिवसापासून मी गोठ्याच्या दाराशी वाटीभर दूध ठेवतो. अजून एकही मांजर दिसलेलं नाही, पण वाटी सकाळी रिकामी असते.