येताच नाहीशी होणारी मेल

"घाबरट माणसाच्या हातून चुका कमी होतात," असं टपालकाकू एकदा म्हणाल्या होत्या. तपासणी केंद्राच्या मागच्या खोलीत, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. आम्ही सगळे हसलो. आमच्यात रक्त काढणारा एक होता, त्याला डास म्हणत. तो म्हणाला, "मग काकू, तुमच्या हातून या जन्मी एकही व्हायची नाही."

मेल बघणं हे काकूंचं काम. रक्ता-लघवीचे रिपोर्ट केंद्रातच तयार होत, पण अंगातून काढलेला मांसाचा तुकडा तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. तो डबीत घालून दूरच्या मोठ्या लॅबला जाई आणि त्याचा रिपोर्ट काकूंच्या कॉम्प्युटरवर येई. काकू तो छापत, नाव दोनदा वाचत, वय ताडून बघत आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवत. अठरा वर्षं. सुरुवातीला हेच कागद पाकिटांतून येत, तेव्हापासूनचं ‘टपालकाकू’ हे नाव.

भीती त्यांच्या अंगात घरमालकासारखी राहायची. काकू तिच्या भाडेकरू. घरून निघाल्या की अर्ध्या रस्त्यातून गॅस बघायला परत जायच्या. काका घड्याळं दुरुस्त करत, डोळ्याला भिंग लावून दिवसभर खिडकीपाशी बसलेले. ते म्हणत, "अगं, मी घरातच आहे. मला वास येणार नाही का?" त्यावर काकू म्हणायच्या, "अहो, तुमच्या डोळ्याला भिंग लागलं की घर जळालं तरी तुम्ही स्प्रिंगच शोधत बसाल."

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास मोठ्या लॅबमधून फोन आला. पलीकडे एक तरुण मुलगी होती.

"मानेच्या गाठीचं पुढे काय केलंत? डॉक्टरांकडून काहीच उत्तर नाही."

"कुठली गाठ? रिपोर्टच नाही आला."

"मॅडम, दोनदा पाठवलाय. पहिल्यांदा पाठवला त्याला नऊ दिवस झाले."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मानेची गाठ कुणाची, हे त्यांना यादी न बघता ठाऊक होतं. शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. एक दिवसाआड शाळेत जाता जाता ती काकूंच्या खिडकीशी वाकायची. बोटांना कुठला तरी रंग लागलेला असायचा. "आला का हो काकू माझा निकाल?" शुक्रवारी तिची नखं कुरतडलेली दिसली, तेव्हा काकूंना राहवलं नाही. "नाही आला म्हणजे काही नसणार बघ," त्या म्हणाल्या. "वाईट बातमीला पाय असतात, ती आधी पोचते." बाई मोकळं हसली होती. आत्ता, या घटकेला, ती बाहेरच्या बाकावर बसलेली होती.

"पुन्हा पाठवता का?" काकूंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"पाठवते. फोन ठेवू नका."

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. डास हातातली ट्यूब तशीच धरून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. यादीत वरच्या बाजूला एक ओळ चमकली. काकूंनी श्वास घेतला, आणि ओळ नव्हती. सकाळची कागदविक्याची मेल पुन्हा सगळ्यात वर होती.

"आला?" फोनमधली मुलगी म्हणाली.

"आला होता."

"होता म्हणजे?"

खोलीत दिवसाचा लख्ख उजेड होता, पंखा फिरत होता, आणि काकूंच्या डोळ्यांदेखत जणू एक माणूस दारात येऊन नाहीसा झाला होता. फोनवर वाचून दाखवा म्हणाल्या, तर मुलगी म्हणाली, तशी परवानगी नाही.

खालच्या दुकानातून कॉम्प्युटरवाला वर येईपर्यंत दहा मिनिटं गेली. मन चिंती ते वैरी न चिंती. आपली बोटं म्हातारी झाली असतील, झोपेत चालतात तशी ती आपसूक काही पुसत असतील. याआधी किती गेल्या असतील? अठरा वर्षांतली किती माणसं काही नसणार म्हणून घरी गेली असतील? काचेतून बाकाची एक कड दिसत होती. तिथे पिवळा रंग लागलेली दोन बोटं पिशवीचा बंद गुंडाळत होती आणि सोडत होती.

कॉम्प्युटरवाला दुसरी खुर्ची ओढून बसला. नको असलेल्या मेलचा कप्पा उघडला. तिथे नव्हती. कचऱ्यात नव्हती. बाईचं नाव टाकून शोधलं, काही नाही.

"हा फक्त समोरच्या कप्प्यात शोधतोय," तो म्हणाला. "थांबा, वेबवर बघू. तिथे तरी असेलच."

तिथेही नव्हती. त्याने कीबोर्ड दूर सारला. काकूंनी टेबलाची कड धरली.

"माझ्या हातून पुसली गेली का रे? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

"पुसली असती तर कचऱ्यात दिसली असती, काकू. मेल आली, आणि घरातल्याच कुणीतरी उचलून नेली." तो मान खाजवत म्हणाला, "तुम्ही कधी काही नियम लावला होता का? अमुक मेल आली की तमुक कप्प्यात टाक, असा?"

"मी कशाला नियम लावू? मी साधा फॉन्ट बदलत नाही."

त्याने एक खिडकी उघडली. त्यात एकच ओळ होती. त्याने मोठ्याने वाचली. "विषयात ‘तातडीचे’ असेल तर मेल ‘नंतर बघू’ या कप्प्यात हलवा. वाचलेली अशी खूण करा."

डास हसायला लागला आणि मध्येच थांबला. काकूंचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा जो तो मेलवर ‘तातडीचे’ लिहायचा. शाई विकणारा, विमा विकणारा, खुर्च्या विकणारा. तो शब्द दिसला की काकूंच्या काळजात धस्स होई, दिवसातून वीसवीसदा. म्हणून आधीच्या कॉम्प्युटरवाल्याकडून त्यांनी हे करून घेतलं होतं; याला नियम म्हणतात, हे त्यांना आत्ता कळत होतं. रोज साडेचारला पाणी पिऊन, खुर्चीत नीट बसून त्या तो कप्पा उघडायच्या आणि एकेक मेल बघायच्या. भीतीला त्यांनी भेटीची वेळ ठरवून दिली होती. मोठ्या लॅबमधून तेव्हा वाईट रिपोर्टसाठी फोनच यायचा, मेलवर ‘तातडीचे’ लिहायला ते अलीकडे लागले.

दोन महिन्यांपूर्वी मशीन बदललं. जुने कप्पे एका मोठ्या कप्प्याच्या पोटात गेले, बाजूला एक बारीक बाण उरला. नियम मात्र जागचा हलला नाही. काकूंना कप्पा दिसेना, आणि ‘तातडीचे’ हा शब्दही कुठे दिसेना. "अहो, नव्या मशीनवर ती कटकटच येत नाही," असं त्यांनी कौतुकाने काकांना सांगितलं होतं. त्या दोन महिन्यांत त्यांना फार छान झोप लागत होती.

कॉम्प्युटरवाल्याने बाणावर टिचकी मारली. कप्पा उघडला. हजारावर मेल, बहुतेक शाई आणि खुर्च्या. त्यांच्यामध्ये मोठ्या लॅबच्या तीन. एक नऊ दिवसांपूर्वीची, एक चार दिवसांपूर्वीची, एक मघाची.

काकूंनी रिपोर्ट स्वतः छापला, आणि तिन्ही मेलच्या तारखांची यादीही. नाव दोनदा वाचलं. वय ताडून बघितलं. खालच्या चार ओळी वाचायची गरज नव्हती. अठरा वर्षांत वाईट बातमीच्या ओळींची लांबी त्यांना पाठ झाली होती.

मोठे डॉक्टर खोलीतच आले. उभ्याउभ्या वाचून त्यांनी चष्मा काढला.

"नऊ दिवस," काकू म्हणाल्या. "किती बिघडलं असेल?"

"नऊ दिवसांत फारसं बिघडत नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "पण हा प्रकार वेगाने वाढणारा आहे. खात्रीने काही सांगवत नाही मला."

"मी तिला म्हणाले होते, काही नसणार."

"ते राहू द्या. मी तिला आत बोलावून सांगतो. उशीर कशाने झाला विचारलंच, तर सर्व्हर बंद होता म्हणायचं. खोटं काय त्यात, यंत्रच आहे. तुम्ही बसा. पाणी प्या."

"बरोबर आहे, काकू," डास म्हणाला. "कुणाला कळतंय? उगाच स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्यावर दगड कशाला?"

कॉम्प्युटरवाल्याने विचारलं, "हा नियम काढून टाकू ना?"

काकू काचेकडे वळल्या होत्या. दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी जबडा घट्ट मिटला होता. काचेपलीकडची बोटं आता पिशवीवर नव्हती. बाई उठून खिडकीशी आली होती आणि रिकाम्या खुर्चीत काकूंना शोधत होती. काकूंनी पदराला हात पुसले. डॉक्टरांच्या हातातला रिपोर्ट त्यांनी तसाच राहू दिला. प्रिंटरपाशी जाऊन तिन्ही मेलच्या तारखांचा कागद तेवढा उचलला, डॉक्टरांनी आडवा धरलेला हात हळूच बाजूला केला, आणि दार उघडून त्या बाहेर गेल्या.