तिघांतला चौथा

निजामाच्या अमलातली ही घटना मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा पिशोरच्या ठाण्यावर अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. एका सकाळी पाटील वर्दी घेऊन आला. नाल्याच्या उतारावर एक तरुण डोकं फुटून मरून पडला होता. तो, त्याचा धाकटा भाऊ आणि मामा असे तिघे सिल्लोडकडे त्याच्यासाठी मुलगी बघायला निघाले होते. पंचनामा उरकतो न उरकतो तोच गावातला एकजण माझ्या कानाशी लागला. "धाकटा घरून निघतानाच धोंडा घेऊन निघाला व्हता, सायेब. म्या डोळ्यानं पाह्यलं. दोघांचं पटत बी नव्हतं."

धाकट्याला हवालातीत घेतलं. खबरी लोक अर्धं बघतात आणि पूर्ण सांगतात, हे मला ठाऊक होतं. पण या पोरानं मला कामच ठेवलं नाही. विचारायच्या आधीच म्हणाला, "म्याच मारलं दादाला. काय करायचं ते करा." मारझोडीशिवाय आलेली कबुली पोलिसाला गोड लागते, आणि तिथंच तो फसतो.

हत्यार दाखव म्हटल्यावर तो पंचांना आणि मला घेऊन गेला, ते नाल्याच्या बरंच अलीकडे, एका बाभळीपाशी. गवतात मुठीएवढा धोंडा पडला होता. रक्ताचा डाग नाही. कुंकवाचं बोट मात्र जसंच्या तसं.

"इथं टाकला," तो म्हणाला. "दादा हसत व्हता, म्हणला कशाला वझं वागवतो. मंग फुडं हिरीवर तिघांनी भाकर खाल्ली."

"म्हणजे धोंडा टाकल्यावरही भाऊ जिवंत होता?"

"व्हय."

"मग मारलंस कसं?"

"चौथा टाकला ना सायेब. तिघंच राह्यलो."

तेव्हा उलगडा झाला. शुभकामाला तिघांनी निघू नये, निघावंच लागलं तर चौथा म्हणून धोंडा सोबत घ्यावा, ही चाल माझ्याही घरात होती. त्याच्या आईनं कुंकू लावून तो त्याच्या हाती दिला होता. मामानंही जबानीत विहिरीवरचं जेवण सांगितलं; त्यानंतर थोरला एकटाच पुढे गेला होता, पडताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी जखम खडकावर पडल्याची ठरवली. शेवाळावरून पाय घसरला होता.

मोहतमीम साहेब, म्हणजे जिल्ह्याचे पोलीसप्रमुख, हे ऐकून पोट धरून हसले. माझे जमादार छावणीतले मुसलमान. ते हसले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांच्यात अशुभ मानलेल्या सफर महिन्याची आठवण काढून म्हणाले, "हमारे घर में बी सफर महिने के पहले तेरा दिन कोई गाँव को नै जाता, साब. इस छोरे को कौन समझाएगा?"

आई त्याला न्यायला ठाण्यावर आली. मुलानं काही केलेलं नाही, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग मुलाकडे वळली.

"तुझ्या हाती दिला व्हता ना म्या?"

ती एकटीच परत गेली.

तो ठाण्याच्या ओट्यावर बसून राहिला. दिवस कलला तेव्हा त्यानं माझ्यापुढे येऊन हात जोडले. "सायेब, मला आत घ्या. घरी कोन्या तोंडानं जाऊ?"

निरपराध माणसाला आत घ्यायचा मला अधिकार नव्हता. ठाण्याच्या रोजनामच्यात मी 'आरोपी सोडला' असं लिहिलं. कायद्यानं माणूस सुटतो, एवढंच मी नोकरीत शिकलो होतो. सुटल्यावर त्याला कुठंतरी जाता यावं लागतं, हे त्या दिवशी कळलं. त्याला कुठंच जाता येत नव्हतं.